भिंत वाळू नये म्हणून

"हे माझ्याबद्दल लिहिलंय?"

भिंगरीने मान वर केली. टेबलापलीकडे एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. कानामागे पेन्सिल, खांद्याला जाड कापडाची पिशवी, आणि हातात तिने सकाळीच छापून काढलेला एका पत्रकाचा नमुना. टेबलावरून त्याने तो उचलला होता, तोही न विचारता.

"तुमच्याबद्दल कशाला असेल?" ती म्हणाली. "ते एका गळती शोधणाऱ्याचं पत्रक आहे. ठेवा बघू खाली."

"तोच मी."

"तुम्ही तर भिंत बघायला आलात ना? आत्याने बोलावलंय ते?"

"भिंतच बघायला आलो. वाटेत हे दिसलं." आणि त्याने ते मोठ्याने वाचायला घेतलं, विजेचं बिल वाचावं तशा आवाजात. "'गळती — माझं पहिलं आणि उत्कट प्रेम. ओल शोधण्याच्या ध्यासाने झपाटलेला...'" तो अडखळला. "झपाटलेला?"

"चांगल्या अर्थाने," भिंगरी घाईघाईने म्हणाली.

"चांगल्या अर्थाने झपाटतात?"

आतल्या खोलीतून आत्याचा खोकला ऐकू आला. हसू दाबायचं असलं की आत्याला खोकला येतो, हे भिंगरीला लहानपणापासून माहीत होतं. तिचे कान तापले.

घोटाळा असा झाला होता. पत्रकाचं काम सांगितलं होतं या माणसाच्या ताईने, फोनवरून. "माझा भाऊ कामात पक्का आहे हो, पण स्वतःबद्दल चार शब्द बोलायचे म्हणजे त्याच्या जिवावर येतं. तुम्हीच काहीतरी झकास लिहा." भिंगरीने झकास लिहिलं. आणि ऑफिसच्या भिंतीला ओल आलीय म्हटल्यावर आत्याने पत्रकावरच्या नंबरावर त्याच भावाला बोलावून घेतलं, कुणाला बोलावलंय ते भिंगरीला एका शब्दाने न सांगता. आता याला योगायोग म्हणायचं की आत्याचा आगाऊपणा, ते तुम्हीच ठरवा.

आत्याचं ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर पाटी, 'मजकूर लिहून मिळेल'. दुकानाचं पत्रक, नोकरीचा अर्ज, निरोपाचं भाषण, माफीचं पत्र, म्हणाल ते. कॉलेज संपल्यापासून भिंगरी इथेच होती. पायाला भिंगरी लागलेली पोर म्हणून घरात नाव पडलं भिंगरी, आणि नशिबी आलं बसायचं काम. पण बसल्या जागी तिचा हात असा पळायचा की रस्त्यावरचे निम्मे दुकानदार तिच्याच शब्दांत बोलायचे. तिच्या कागदावर कुणाचंच काम साधंसुधं नसायचं. स्टीलची कपाटं करणारा ती 'जीव ओतून' करायचा. दातांच्या डॉक्टरबाईंना 'तुमच्या हास्याची अनिवार ओढ' होती. ढेकूण मारणाऱ्याला 'अंतःकरणापासूनची तळमळ' होती, कशाची ते विचारू नका. गादीवाल्याला तिने 'आसक्ती' दिली होती आणि तो अजून भेटला की आभार मानायचा. एका मुलीने तर हिशेबनिसाच्या जागेसाठी केलेल्या अर्जात भिंगरीचं वाक्य दिलं, 'आकडेमोड ही माझी उत्कट भक्ती आहे', आणि तिला ती नोकरी लागली. एवढं झाल्यावर कोण थांबतंय?

गळतीवाल्याने नमुना खाली ठेवला आणि तो भिंतीकडे वळला. ओल भिंगरीच्या टेबलाला लागूनच होती, परातीएवढा करडा डाग. त्याने डागावर तळहात टेकला. मग चक्क कान टेकला. मग कानामागची पेन्सिल काढून डागाच्या कडेकडेने एक बारीक रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली.

"आमची भिंत रंगवून ठेवताय?" भिंगरी म्हणाली.

"डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे. आत आला तर वाळतोय. भिंतीला विचारायची हीच एक रीत आहे."

"मग फोडा ना डागापाशी. सापडेल."

"डाग दिसतो तिथे गळती नसते," तो म्हणाला. "ती कुठेतरी वर असते, लांब. पाणी आतल्या आत वाट काढत येतं, आणि जिथे भिंत मऊ पडेल तिथे बाहेर दिसतं."

हे तो अगदी सहज म्हणाला. भिंगरीला मात्र उगीचच वाटलं की हे आपण लिहायला हवं होतं. ती काही बोलायच्या आत तो दारापर्यंत गेला होता.

"आणि ते झपाटलेला काढा," तिथून तो म्हणाला.

पुढच्या खेपेला त्याने गळती शोधली. भिंतीतला पाण्याचा पाइप वरच्या एका सांध्यात सुटला होता. त्याने तो बदलला, भोक बुजवलं, हात धुतले. आता फक्त भिंत वाळायची राहिली होती आणि ती वाळतेय ना, हे बघायला तो येत राहणार होता. येणार म्हणजे पत्रकाचंही बघणार. आत्याने ते भिंगरीच्या गळ्यात घातलं होतं, "गिऱ्हाईक नाराज व्हायला नको, तू आणि तो बसून ठरवा." म्हणून दोघं बसून ठरवत होते.

"'ध्यास' ठेवू?"

"कसला ध्यास? गळती सापडेपर्यंत मला झोप लागत नाही, एवढंच."

"अहो, त्यालाच ध्यास म्हणतात."

"त्याला झोप न लागणं म्हणतात."

"बरं. 'मनापासून काम करतो'?"

"दुसरं कुठून करणार? आणि खरं विचाराल तर पोटासाठी करतो."

"'गळतीने ज्याच्या काळजाला घरं पडतात असा...'"

तो हसला. पहिल्यांदाच हसला, आणि हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक होतो, ही अगदी बिनकामाची गोष्ट भिंगरीच्या लक्षात राहिली.

"काळजाला घरं पडली तर मी दवाखान्यात जाईन," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाकडे कशाला येईन?"

"मग निदान 'उत्कट' तरी असू द्या." ती आता इरेला पेटली होती. "एवढा सुंदर शब्द आहे."

या वेळी त्याने लगेच नाही म्हटलं नाही. पेन्सिल बोटांत फिरवत खरोखर विचार केला. "तुम्ही हा शब्द कधी तोंडाने बोललात?"

"मी रोज लिहिते."

"लिहिता हो. पण कुणाला... समोर बसून म्हटलात?"

भिंगरीने नाइलाजाने मान हलवली, नाही.

"मीही नाही म्हटला," तो म्हणाला. "जो शब्द मी जन्मात उच्चारला नाही, तो माझ्या नावावर कशाला खपवायचा? लोकांना वाटेल, हा माणूस बोलताना असाच बोलतो. मग मी जाणार, आणि म्हणणार, नळ बंद करा. काय वाटेल त्यांना?"

शेवटी मजकूर उरला तो एवढाच, 'गळती शोधतो. सापडेपर्यंत येतो.'

भिंगरीने तो फुरंगटून टाइप केला. असला मिळमिळीत मजकूर तिने आयुष्यात लिहिला नव्हता. मग तो गेल्यावर तिने तो वाचला. पुन्हा वाचला. सापडेपर्यंत येतो. खिडकीपाशी गेली, परत आली, पाणी प्यायली, टेबलावरचे कागद सारखे केले, ते आधीच सारखे होते.

"बस गं एका जागी," आत्या आतून म्हणाली. "माझं डोकं फिरायला लागलं."

"मी कुठे उभी आहे?" भिंगरी उभ्यानेच म्हणाली.

तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. जिन्यावर पावलं वाजली की ती ओळखू पाहायची. त्याची पावलं दोन-दोन पायऱ्या चढत येतात आणि शेवटच्या पायरीवर थबकतात, बहुतेक पेन्सिल जागेवर आहे का ते बघायला. तो आला की भिंतीशी उभा राहायचा, तळहात टेकवायचा, आणि त्या वेळी भिंगरी एखाद्या दुकानदाराच्या मजकुरात तोंड खुपसून बसायची. लिहीत काहीच नसायची.

असाच एकदा भिंतीला हात लावून उभा असताना तो म्हणाला, "लांब डोंगरात बोगदा खणतायत. आत पाणी झिरपतंय, कुणाला सापडत नाही. मला बोलावलंय."

"अरे वा," भिंगरी म्हणाली. "किती दिवस?"

"वर्षभर तरी. मोठं काम आहे. असं काम मला पुन्हा मिळायचं नाही."

"मग जा की."

"अर्धं काम टाकून मी जात नाही. ही भिंत वाळली की जाईन."

"आणि... वाळतेय?"

"वाळतेय," तो म्हणाला. भिंतीकडे बघतच म्हणाला. "अजून थोडीच राहिलीय."

तो गेल्यावर भिंगरी त्या डागासमोर उभी राहिली. पेन्सिलीच्या रेघेच्या चांगला आत आला होता मेला. टेबलावर तिची पाण्याची बाटली होती. आता इथे तुम्हाला वाटेल की तिने खूप विचार केला असेल. काही केला नाही. बाटलीचं झाकण काढलं आणि अर्धी बाटली भिंतीवर ओतली.

दुसऱ्या दिवशी तो आला, भिंतीला हात लावला आणि ओली बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"अजब आहे," शेवटी म्हणाला. पेन्सिल काढली, पहिल्या रेघेबाहेर दुसरी रेघ ओढली, तारीख घातली. "परवा पुन्हा येतो."

"या ना," भिंगरी म्हणाली, आणि तो जाईपर्यंत तिने हसू दाबून धरलं. अशी तिसरी रेघ आली, मग चौथी. भिंतीवर रेघांमागून रेघा वाढत गेल्या आणि प्रत्येक रेघेमागे एक संध्याकाळ होती. त्या संध्याकाळी तो काम झाल्यावरही थांबायचा, खुर्चीच्या पाठीला टेकून विचारायचा, "आज कुणाला काय झालं?" मग ती सांगायची की आज छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला 'अथांग जिव्हाळा' झाला, किंवा खडू विकणाऱ्याला 'ज्वलंत निष्ठा' हवी होती पण तिने त्याला 'निष्ठा' नुसतीच दिली.

"का बरं? ज्वलंत संपली?"

"तुम्हीच सवय बिघडवलीत माझी. आता लिहायला बसले की तुमचा आवाज येतो, 'असं कधी तोंडाने म्हटलात?'"

"मग काय करता?"

"खोडते. आत्या म्हणते, अशाने धंदा बसेल."

तो हसायचा आणि डावा डोळा बारीक व्हायचा.

मग एका सकाळी त्याच्या ताईचा फोन आला. पत्रक छापून झालं का, हे विचारायला केला होता, पण बोलता बोलता तिचा बांध फुटला. "काय सांगू तुम्हाला. बोगद्याची माणसं शनिवारपर्यंतच थांबणार आहेत. पहिल्यांदा एवढं मोठं काम दारात आलंय त्याच्या, आणि हा म्हणतो एक भिंत बाकी आहे. कुणाची कोण भिंत, ती वाळायचं नावच घेत नाही. मेली अशी कशी भिंत असते हो?"

"असते एखादी," भिंगरी कशीबशी म्हणाली.

तिने फोन ठेवला. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण एका माणसाला थोडा वेळ थांबवून धरलंय. आता कळलं की आपण त्याच्या पोटावर पाय देतोय, तेही पाण्याच्या बाटलीने. सांगून टाकायला हवं होतं. त्याला सांगायचं, भिंत कधीच वाळलीय, तुम्ही जा. पण मग तो विचारणार, असं का केलंत? आणि त्याचं उत्तर द्यायला शब्द लागणार.

ती शब्द शोधायला बसली. तिच्यासारखीला शब्दांची काय कमी? पण एक धड निघेना. 'ओढ' म्हणावं तर डॉक्टरबाईंची कवळी डोळ्यांपुढे येते. 'तळमळ' म्हणावं तर ढेकूण. 'आसक्ती' म्हटलं की गादीवाला हात जोडून उभा. 'जीव' म्हणावा तर तो कपाटात ओतून झालेला. आणि 'उत्कट'... तो तर तिने इतक्यांना इतक्यांदा वाटला होता की आता तो तिचा स्वतःचा वाटतच नव्हता. हे जे छातीत दिवसभर धडधडत होतं, जेवू देत नव्हतं, बसू देत नव्हतं, त्याला द्यायला तिच्याकडे एकही कोरा शब्द नव्हता. तिला रडू यायला लागलं आणि रडता रडता स्वतःचा भयंकर राग आला.

"सांगून टाक त्याला," आत्या दारात उभी राहून म्हणाली.

"काय सांगू?"

"ते मला काय ठाऊक? माझी भिंत रोज कोण भिजवतं, तेवढंच मला ठाऊक आहे." आणि आत्या आत निघून गेली.

शुक्रवारी तो आला तो आधी वरच्या मजल्यावर गेला. तिथे एक मावशी एकट्या राहायच्या. खाली आला तेव्हा त्याच्या बाह्या वर दुमडलेल्या होत्या.

"मावशींच्या बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवलंय आणि त्यात रंग टाकलाय," तो म्हणाला. "ही ओल वरून येत असेल तर उद्या इथे रंग दिसेल."

भिंगरी खुर्चीतून उठली. "कुठला रंग?"

"ते सांगायचं नसतं. सांगितला की लोकांना तोच दिसायला लागतो."

"आणि नाहीच दिसला तर?"

"तर पाणी वरून येत नाही." त्याने भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "मग ते कुठून येतं, हे शोधावं लागेल. उद्याचाच दिवस आहे माझ्याकडे."

त्या वेळी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. भिंगरीने सांगितलं नाही. ती नुसती "बरं" म्हणाली.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. रंग दिसला नाही की त्याला कळणार, पाणी वरून येत नाही. पाइप त्यानेच बदललाय, म्हणजे तिथूनही नाही. मग उरलं कोण? टेबलाशी बसणारी बाई. छे, रंग दिसलाच पाहिजे. आजचा दिवस निभावला की संध्याकाळी शांतपणे सगळं सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस घाबरला की असली समजूत त्याला लगेच पटते. राहता राहिला प्रश्न रंगाचा. पाण्यात टाकायचा रंग म्हणजे लालच असणार, दुसरा कुठला असतो? आणि ऑफिसात होती ती शिक्क्याची शाई, तीही लाल. तिने बाटलीत शाई ओतली, खळाखळा हलवली आणि भिंतीवर रिकामी केली.

बाटली खाली ठेवते तोच वरच्या मावशी दारात.

"अगं, तुझा तो गळतीवाला कधी येणार?" त्या म्हणाल्या. "माझं बाथरूम नुसतं हिरवंगार करून ठेवलंय. चुकून पाय पडला माझा. हे बघ." आणि त्यांनी पाऊल पुढे केलं. टाच पोपटासारखी हिरवी.

भिंगरीने टाच बघितली. मग भिंत बघितली. भिंत लालभडक होती.

"हे काय गं?" मावशी म्हणाल्या.

भिंगरीने टेबल पुसायचं फडकं उचललं आणि ती भिंत पुसायला धावली. शाई पुसली जाते का कधी? डाग परातीएवढा होता तो टेबलाएवढा झाला. फडकं लाल, बोटं लाल, घाम पुसायला गेली तर कपाळही लाल. आणि जिन्यावर पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या चढत. शेवटच्या पायरीवर थबकली.

मावशींना काय वाटलं कुणास ठाऊक. त्या आत्याच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटून घेतलं.

तो आत आला. भिंतीकडे बघितलं. भिंगरीकडे बघितलं. पुन्हा भिंतीकडे.

"लाल," तो म्हणाला.

"लाल," ती म्हणाली.

"मी हिरवा टाकला होता."

"माहितीये. मावशींची टाच बघितली."

तो भिंतीजवळ गेला. नेहमीसारखा तळहात टेकला आणि तसाच उभा राहिला. "वरून येणारं पाणी वरून येतं," तो हळूच म्हणाला. "हे तुमच्या खांद्यापासून सुरू होतं आणि खाली ओघळतं. रोज."

"रोज? म्हणजे... तुम्हाला कधी कळलं?"

"दुसरी रेघ काढली त्याच दिवशी शंका आली. आतून ओली झालेली भिंत पोपडे धरते. ही नुसती वरून भिजलेली होती."

"मग रंग कशाला टाकलात?"

"मला जे वाटत होतं, ते मलाच खरं वाटेना." आता तो अडखळायला लागला होता. "म्हटलं, पाणी खरंच वरून असलं तर... मी काहीबाही समजून बसलो असतो तर... हसं झालं असतं माझं."

"आणि रेघा? एवढं कळलं होतं तर रोज नवी रेघ कशाला काढत होतात?"

त्याने पेन्सिल कानामागून काढली, बघितली, पुन्हा ठेवली. "रेघ काढायला यावं लागतं," तो म्हणाला.

भिंगरीचे पाय, जे जन्मात कधी एका जागी ठरले नव्हते, ते तिथेच खिळले. पण मग आज शनिवार आहे हे तिला आठवलं आणि ती एका दमात बोलून गेली. "तुम्ही जा. आजच कळवा त्यांना. भिंत कधीच वाळली होती, मी भिजवत होते, माझ्यामुळे तुमचं एवढं मोठं काम जायला नको. तुम्ही यावंत म्हणून केलं मी. हे सांगायला मी एक शब्द शोधत होते हो, खूप शोधला, पण सगळे वाटून बसलेय. ओढ डॉक्टरबाईंकडे आहे, तळमळ ढेकणांकडे. माझ्याकडे काही उरलंच नाही. नुसतं... मला तुम्ही आवडता, एवढंच उरलंय. तुम्ही नसलात की मला बसवत नाही, आणि तुम्ही असलात की लिहवत नाही. बस. एवढंच आहे."

तो भिंतीकडे वळला आणि त्या लालभडक डागाभोवती सावकाश एक रेघ ओढली, सगळ्या रेघांच्या बाहेरून. तारीख लिहिली.

"आज कळवतो त्यांना," तो म्हणाला. "सोमवारी जावं लागेल."

"हो," भिंगरी म्हणाली.

"रविवारी सुट्टी असते. तिथून गाडी आहे, विचारून ठेवलंय मी. दर रविवारी ही भिंत बघायला येईन."

"आता कशाला? गळती तर सापडली."

"सापडली. म्हणून काय यायचं थांबायचं?"

भिंगरीने लाल हाताने डोळे पुसले, त्यामुळे डोळ्यांभोवतीही लाल झालं. "मी मघाशी काहीतरी म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्याचं काही... तुम्ही काही बोललाच नाहीत."

"मला असलं बोलता येत नाही, ताईने सांगितलं नव्हतं का?" त्याने पिशवीत हात घातला आणि एक घडी घातलेला कागद काढला. तो तिने केलेला अगदी पहिला नमुना होता. कधीतरी टेबलावरून गुपचूप उचलून इतके दिवस त्याने तो जपून ठेवला होता. तिच्या टेबलावर त्याने तो उलगडला. "हा सगळा खोडायला लावला मी तुम्हाला. उगाच लावला. यात एकच शब्द चुकला होता."

"कुठला? झपाटलेला?"

"नाही. तो राहू दे." त्याने पेन्सिलीने पहिल्या ओळीतला पहिला शब्द खोडला. 'गळती'. "बाकीचं तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. इथे काय घालायचं ते आता... तू बघ."

त्याने पेन्सिल तिच्यापुढे धरली. भिंगरी खुर्चीवर बसली. सावकाश, चांगलं अक्षर काढून तिने रिकाम्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने."

त्याने कागद हातात घेतला. "'भिंगरी,'" त्याने सुरुवात केली. "'माझं पहिलं आणि...'" तो थांबला. मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि गरम घास तोंडात फिरवावा तसा तो शब्द एकदा फिरवून घेतला. "'...उत्कट प्रेम.'"

या वेळी ते विजेच्या बिलासारखं वाटलं नाही.

आतल्या खोलीत आत्याला आणि मावशींना एकदमच खोकला आला.